गेटजवळचं कमान-पाट्याचं दुकान

ए-२०४ : रिडेव्हलपमेंटच्या यादीत गेटजवळचा 'कमान पाटा' गाळाही आहे. तिथे नक्की कसलं काम चालतं? नवीन रहिवाशांपैकी कुणालाच माहीत नाही.

सी-११ काका : गाडीखालच्या, खड्ड्यांचे धक्के झेलणाऱ्या पाट्यांचं. पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या. सगळ्यात लांब तो मेन पाटा, त्याची टोकं गोल वळवून आत बुश, म्हणजे छोटी नळी, बसवतात. सेंटर बोल्ट पूर्ण गठ्ठा एकत्र धरतो आणि यू बोल्ट तो ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या दांड्यावर, आवळतात. मोटारीच्या आधी हे घोडागाडीला आलं. इंग्लंडमध्ये इलियट नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने अशा कमानी काढल्या १८०४ साली. आपल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्याही पाट्यांवरच डुलायच्या, २०१५ मध्ये हायकोर्टाने त्या बेकायदा ठरवल्या.

बी-३०५ : मुंबईत या धंद्याला हात दिला तो काळ्यापिवळ्या फियाटने. कुर्ल्याच्या प्रीमियरची पद्मिनी, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. मागे तिघं बसलेले, डिकी भरलेली, टपावर बॅगा. मागचे पाटे बसणारच, म्हणजे कमान सपाट होणारच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली, तिची टॅक्सी म्हणून २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

ए-२०४ : बसलेला पाटा परत उठवता येतो?

सी-११ काका : येतो, पण कसा उठवला यावर सगळं आहे. गठ्ठा सोडवायचा, प्रत्येक पाटा घासून तडा शोधायचा. तडा बहुतेक सेंटर बोल्टच्या भोकाशी किंवा टोकाच्या वळणाशी असतो. मग भट्टीत साधारण ८५० ते ९०० अंशांपर्यंत लाल करायचा, कमान द्यायची, तेलात विझवायचा आणि पुन्हा ४०० ते ५०० अंशांवर तापवायचा. ही शेवटची पायरी गाळली तर पाटा कडक होतो, पण काचेसारखा तडकतो. स्वस्तात काम करणारे थंड पाट्यावरच घण मारून कमान चढवतात. दिसायला छान, पण माल भरला की थोड्या दिवसांत परत सपाट. आणि तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग कधीच नाही. जोडाच्या शेजारीच पुन्हा तुटतो.

बी-३०५ : आपल्याकडे खारी हवा आणि पावसाळा. पाट्यांमध्ये पाणी साचतं, गंजाचे बारीक खड्डे पडतात, तडा तिथूनच सुरू होतो. यू बोल्ट सैल असले तर मधल्या भोकाशी तुटणार. पाटे एकत्र धरणारी क्लिप हरवलेली असेल तर रिकामी गाडी खड्ड्यातून उसळताना सगळा मार एकट्या मेन पाट्यावर.

डी-७ : माझी बोलेरो मागून डावीकडे झुकलीय. मेकॅनिक म्हणतो डावीकडे एक जादा पाटा टाकू.

सी-११ काका : नको! आधी सपाट जागी, रिकाम्या गाडीत, दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या. फरक असेल तर डावीकडचा एकेक पाटा तपासा, शॅकल (पाट्याचं टोक गाडीला जोडणारी हलती कडी) आणि बुश पण. सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल मागे-पुढे सरकतो, गाडी तिरकी चालते आणि टायर झिजतात. जादा पाटा टाकून एक बाजू कडक केली की मूळ दोष तसाच राहतो, वर गाडी एका अंगाने उसळते.

सेक्रेटरी : तपासणी कृपया गेटसमोर नको. पाण्याचा टँकर अडतो.

बी-३०५ : पाटे बदलाल तर दोन्ही बाजूंचे. सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवेच. पाट्यांच्या मध्ये ग्रॅफाइट ग्रीस.

ए-२०४ : मग आता या गाळ्याला काम कुठून मिळतं?

सी-११ काका : टेम्पो, जुनी ओम्नी, बोलेरो. टाटा एसला पुढे-मागे दोन्हीकडे पाटे आहेत. पण बऱ्याच ट्रकना आता पॅराबोलिक पाटे येतात. मधे जाड, टोकाकडे पातळ, दोन-तीनच. त्यांची जाडी मोजून मापून घडवलेली असते, त्यामुळे साध्या भट्टीत उठवण्यासारखे ते नाहीत, सरळ बदलतात. कॉइलचंही तेच. म्हणून भट्टी असलेले गाळे कमी आणि नुसते विकणारे जास्त झालेत. कारागिरी हातातून गेली, दुकानदारी राहिली, असं माझं मत.

डी-७ : उद्या माप घेतो. बुशचे नट जॅकवर आवळू की गाडी खाली उतरवून?

सी-११ काका : रबर बुश असतील तर चाकं जमिनीवर टेकवून, वजन पडल्यावरच. जॅकवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. यू बोल्ट पाचशे-हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून घ्या.