अनुभव धागा : पदवीने नोकरी मिळाली असेल, पण कामाचे समाधान मिळाले का?

पदवीधरांना सरासरीने जास्त पगार मिळतो, हे बहुतेक देशांच्या आकडेवारीतून दिसते आणि त्यावर वाद घालण्यासाठी हा धागा काढलेला नाही. येथे विचारायचे आहे ते निराळे आहे. विद्यापीठाची पदवी घेतल्यामुळे, किंवा न घेतल्यामुळे, तुमच्या रोजच्या कामातले समाधान वाढले की घटले? वैद्यक किंवा औषधनिर्माणासारख्या क्षेत्रांत बहुतेक ठिकाणी पदवीवाचून परवानाच मिळत नाही, तेव्हा तेथे पदवी घ्यावी की न घ्यावी हा प्रश्न उरत नाही; तरीही त्या मंडळींनी अवश्य लिहावे, कारण परवाना मिळतो म्हणून काम आवडतेच असे नाही. एकच विनंती आहे. पदवी नेमकी कुठे कामी आली, म्हणजे नोकरीत शिरताना, प्रत्यक्ष काम करताना की बढतीच्या वेळी, हे शक्यतो वेगळे करून लिहावे. या तिन्हींची सरमिसळ झाली की चर्चा लगेच 'पदवी म्हणजे सर्वस्व' आणि 'पदवी म्हणजे कागद' या दोन टोकांवर जाऊन बसते.

संरचना अभियंता

माझ्या बाबतीत पदवी तिन्ही ठिकाणी कामी आली, पण समाधानाचा संबंध फक्त मधल्या ठिकाणाशी आहे. स्लॅब ओतण्यापूर्वी सळया तपासायला मी स्वतः जातो. एकदा बाल्कनीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळया खालच्या बाजूला बांधलेल्या दिसल्या. पुढे आधार नसलेल्या स्लॅबमध्ये ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वर हवी. ती खाली राहिली तर स्लॅब शटरिंग काढताच कोसळू शकतो. मी बोलण्याआधीच मुकादमाने फिटरला झापले होते. मुकादम शाळेपलीकडे शिकलेले नव्हते, पण हा नियम त्यांना पक्का ठाऊक होता. त्याच इमारतीत दुसऱ्या बाजूला मात्र दोन असमान गाळ्यांवरून (गाळा म्हणजे दोन आधारांमधले अंतर) सलग जाणारा स्लॅब होता, आणि लहान गाळ्यात मध्यावरसुद्धा वरची सळई का लागते हे मला रेखाटून दाखवावे लागले. ओळखीचा नियम जेथे संपतो, तेथून पुढे विचार करता येतो, हे मला पदवीने दिले आणि माझे समाधान त्यातच आहे. मात्र नकाशावर सही माझीच चालते, मुकादमांची कधीही चालणार नाही. त्यांच्या समाधानाचे काय, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही.

संगणक प्रणालीकार, पदवी नाही

काम करताना मला पदवीची उणीव फार क्वचित भासली. नोकरीत शिरताना मात्र दर वेळी भासली. अर्ज गाळणाऱ्या संगणकप्रणालीत 'पदवी' हा रकाना रिकामा ठेवला की पुढचे पान उघडतच नाही, असे अनेक ठिकाणी पाहिले. आजवरच्या सगळ्या नोकऱ्या मला ओळखीच्या शिफारशीने मिळाल्या आणि एकदा आत गेल्यावर पदवीबद्दल कोणी विचारले नाही. कामाचे समाधान भरपूर आहे. तरीही एक प्रसंग सांगतो. दोन याद्यांमधली प्रत्येक नोंद एकमेकींशी ताडून पाहणारा एक भाग आमच्याकडे होता आणि चाचणीत तो झटकन चालत असे. विद्यापीठात संगणकशास्त्र शिकलेल्या सहकारी बाईंनी कोड नुसता वाचून सांगितले की, दोन्ही याद्या दहापट झाल्या की वेळ शंभरपट लागेल, म्हणून आधी एका यादीची सूची बांधा. हे ज्ञान पुस्तकांतून मिळते आणि मी ते पुढे मिळवलेही. परंतु काय शोधायचे हेच ज्याला माहीत नाही, त्याने स्वतःहून काय शिकावे? अभ्यासक्रमाची खरी किंमत मला तेथे दिसते. न आवडणारे आणि अनावश्यक वाटणारे विषयही तो वाचायला लावतो.

परिचारिका

माझा अनुभव उलट्या दिशेचा आहे. मी पदविका घेऊन कामाला लागले आणि नोकरी करताना पदवी पूर्ण केली, कारण पदवीशिवाय प्रभारी परिचारिकेच्या पुढे जाता येत नव्हते. पदवीच्या अभ्यासाने दिलेले ज्ञान खरोखर उपयोगी होते. रक्तदाब कमी होण्याच्या आधी नाडी का वाढते हे नीट समजल्यावर तक्त्यावरचे आकडे माझ्याशी बोलू लागले आणि डॉक्टरांना वेळेवर बोलावण्याचा आत्मविश्वास आला. ते दिवस माझ्या नोकरीतले सर्वांत समाधानाचे होते. मग त्याच पदवीमुळे बढती मिळाली आणि मी रुग्णांपासून दूर गेले. आता माझा दिवस पाळ्यांचे वेळापत्रक, साठ्याच्या नोंदवह्या आणि रजेचे अर्ज यांत जातो. वृद्ध रुग्णाच्या हाताची नस सापडत नाही म्हणून एखादी नवी मुलगी मला बोलावते, तेवढाच वेळ मी परिचारिका असते. पदवी घेतल्याचे दुःख नाही. पण वर चढण्याची शिडी खाटेपासून लांब का नेते, हे ती शिडी बांधणाऱ्यांना कोणी तरी विचारायला हवे.

विमा कंपनीतील दावे तपासनीस, इतिहासात एम. ए.

पदवी पाहून मला घेतले आणि पदवी लागणारच नाही असे काम दिले. माझा अनुभव मुळात एवढाच आहे, पण तो समजून घेण्यासाठी मी बरेच वाचले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अर्थशास्त्रात या विषयाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. गॅरी बेकर (१९९२चे नोबेल) यांच्या मते शिक्षण ही माणसात केलेली गुंतवणूक असते आणि तिने त्याची उत्पादकता वाढते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३मध्ये मांडले की, पदवीने कौशल्य मुळीच वाढले नाही तरी ती उपयोगी पडू शकते, कारण ती मालकाला एक संकेत देते: हा माणूस चिकाटीचा आहे, दिलेले काम पुरे करतो. या कामासाठी त्यांना २००१मध्ये जॉर्ज अकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल मिळाले. आमच्या कार्यालयात मी स्पेन्स रोज पाहतो. माझ्या शेजारचे सहकारी पदवीधर नाहीत, जुन्या नियमांनी लागलेले आहेत आणि माझेच काम माझ्याइतकेच चोख करतात. फरक इतकाच की ते काम त्यांना आवडते.

असे का होते, याचा एक धागा मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांच्याकडे सापडतो. त्यांनी १९५९मध्ये अभियंते आणि लेखापाल यांच्या मुलाखतींवरून असा सिद्धान्त मांडला की समाधान देणाऱ्या आणि असमाधान देणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असतात. पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा या गोष्टी वाईट असतील तर माणूस कुरकुरतो, पण त्या सुधारल्याने तो आनंदी होतोच असे नाही; आनंद यशातून, कौतुकातून, जबाबदारीतून आणि खुद्द कामातून येतो. या सिद्धान्तावर एक रास्त आक्षेप असा घेतला गेला की, माणसे चांगल्याचे श्रेय स्वतःकडे घेतात आणि वाइटाचे खापर परिस्थितीवर फोडतात, तेव्हा मुलाखतीत तसेच दिसणार. मी स्वतःही तेच करीत असेन. तरीही माझ्यापुरते सांगायचे तर पदवीने पगारासारख्या गोष्टी सुधारल्या आणि खुद्द कामातून मिळणाऱ्या आनंदाची अपेक्षा वाढवून ठेवली. संग्रहालयातले कागद वाचायला शिकलेल्या माणसाला पावत्या जुळवायला दिल्या, तर पावत्यांचा दोष नसतो. शिक्षण कामाच्या गरजेपेक्षा जास्त असले की समाधान कमी होण्याकडे कल दिसतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

याला एक अपवादही नोंदवतो. संशोधक एमी रेझ्नेस्की आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोक आपल्या कामाकडे केवळ नोकरी, चढती कारकीर्द किंवा जीवितकार्य म्हणून पाहतात असे दिसले. आणि गंमत म्हणजे एकाच प्रकारचे काम करणारे प्रशासकीय साहाय्यक या तिन्ही गटांत जवळपास सारखे विभागले गेले होते. म्हणजे शेजारच्या खुर्चीवरचे सहकारी आणि मी यांच्यातला फरक सर्वस्वी पदवीमुळेच पडला, असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

टर्नर

वर अभियंता साहेबांनी लिहिले की मुकादमाला नियम ठाऊक होता आणि त्यांना कारण. सगळीकडे तसे नसते, एवढे नम्रपणे सांगतो. लेथवरून नुकताच उतरवलेला जॉब (म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा) हाताला कोमट लागत असेल तर मायक्रोमीटर लावायचा नाही, हे मला उमेदवारीत उस्तादांनी शिकवले, आणि त्याचे कारणही तेव्हाच सांगितले. ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट २० अंशांनी तापला तर साधारण ०.०१ मिलिमीटरने फुगतो. बेअरिंगच्या बैठकीत तेवढ्याने फरक पडतो. गरम असताना बरोबर भरलेला जॉब थंड झाल्यावर लहान निघतो, आणि लहान झालेला जॉब पुन्हा मोठा करता येत नाही.

मला या कामात समाधान आहे का? शेवटच्या कटाला चकाकता पृष्ठभाग निघतो, गेज जेथे जायला हवे तेथे जाते आणि जेथे अडायला हवे तेथे अडते, तेव्हा मला दुसरे काहीही नको असते. माझी तक्रार कामाविषयी नाही. ड्रॉइंगवर ज्या मापाला काही महत्त्व नाही, त्यालाही पदवीधर आराखडाकार घट्ट टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) टाकतात आणि आमचा दुप्पट वेळ त्यात जातो. ते बदलावे असे सुचवायला माझ्याकडे कागद नाही आणि आराखड्याच्या बैठकीला मला खुर्ची नाही. पदवी असती तर मी अधिक चांगला टर्नर झालो नसतो, पण माझे म्हणणे कोणी तरी ऐकले असते. पदवीचा प्रश्न माझ्यासाठी तेथे आहे.

विद्यापीठातील प्राध्यापक (भौतिकशास्त्र)

दोनच मुद्दे मांडतो. पहिला असा की, पदवीधर आणि बिगर-पदवीधर यांच्या समाधानाची सरळ तुलना फसवी ठरते, कारण विद्यापीठापर्यंत पोहोचणारे लोक घरची परिस्थिती, आरोग्य, शाळा या बाबतींत आधीच वेगळे असतात. पदवी सोडून यशस्वी झालेल्यांची नावे आपण ऐकतो, पदवी सोडून अडकलेल्यांची ऐकत नाही.

दुसरा मुद्दा मायकेल फॅरडे यांचा, ज्यांचे उदाहरण अशा चर्चेत हमखास येते. पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी केलेला हा मुलगा १८१३मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून लागला आणि त्याने १८३१मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधले. पण त्याच्या बलरेषांना गणिताचे रूप देण्यासाठी केंब्रिजमध्ये शिकलेले जेम्स क्लार्क मॅक्सवेल यावे लागले. दोघांपैकी एकाची बाजू घेऊन ही गोष्ट सांगणारे मला अर्धीच गोष्ट सांगतात असे वाटते. (आणि फॅरडेंना वाचायला ग्रंथ, ऐकायला व्याख्याने आणि शिकवायला हम्फ्री डेव्हींसारखा गुरू मिळाला होता, हे विसरू नये. पदवी नसणे आणि शिक्षण नसणे या निराळ्या गोष्टी आहेत.)

निवृत्तीच्या जवळ आलेली लघुलेखिका

मुले मोठी झाल्यावर दूरशिक्षणाने पदवी घेतली. पगार वाढला नाही, पद बदलले नाही, कोणी विचारलेही नाही. मला हवी होती म्हणून घेतली आणि मला पुरली.

नोकरभरती विभागातील कर्मचारी

प्रणालीकारांनी लिहिलेला 'पदवी'चा रकाना आमच्यासारखेच लोक टाकतात, म्हणून त्याची बाजू सांगणे भाग आहे. तो रकाना उद्दामपणातून येत नाही, आळसातून येतो. एका जागेसाठी ढीगभर अर्ज आले की वाचायला माणसे नसतात आणि पदवीची अट हा सर्वांत स्वस्त चाळणीचा मार्ग असतो. काही पदांसाठी आम्ही ती अट काढून पाहिली. अर्ज कितीतरी वाढले आणि त्यांची पारख करण्यासाठी प्रत्यक्ष कामाची छोटी चाचणी तयार करावी लागली. ती तयार करायला त्या कामातली अनुभवी माणसे लागली, आणि त्यांचा वेळ द्यायला त्यांचे वरिष्ठ सहजी तयार होईनात. निवड मात्र चांगली झाली. अडचण पुढे आली. अट फक्त प्रवेशाच्या ठिकाणी काढली होती, बढतीच्या नियमांत ती तशीच राहिली, त्यामुळे आत आलेली हुशार मंडळी काही काळाने त्याच भिंतीला येऊन थडकली आणि त्यांतली काही सोडून गेली. परिचारिका ताई आणि टर्नर दादा यांचे लिखाण वाचताना मला तेच नियम आठवत होते. सध्या आम्ही एवढेच मिळवले आहे की आराखड्याच्या बैठकीला यंत्रावर काम करणारा एक जण बसतो; त्याच्या सूचनेवरून टॉलरन्स सैल करायची की नाही, हे अजूनही पदवीधर अभियंताच ठरवतो.