मदत हवी आहे: बाबांना खाजणाची फेरी पूर्ण करायची आहे, भरतीचं गणित कसं जमवू?

नमस्कार मंडळी,

बाबा ७४ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सांधा बदलला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, पण चढ-उतार आणि पायऱ्या नकोत. त्यामुळे किल्ले, कड्यावरची देवळं सगळं बाद. त्यांना तसंही एकच वाट चालायची आहे, लहानपणी शाळेत जायचे ती.

गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. पुळणीवर कासवं अंडी घालतात, उगाच गर्दी नको म्हणून नाव लिहीत नाही. वाट अशी: घरामागच्या पाणंदीतून सुरूच्या बनात, बनातून खाडीच्या तोंडापर्यंत, तिथून वळून कांदळवनाच्या कडेने खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाऱ्या जमिनीत, आणि खारं पाणी अडवायला घातलेल्या जुन्या खारबांधावरून परत वाडीत. पाचेक किलोमीटरची फेरी, सगळी सपाट. बनात अजून ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आडवे झालेले बुंधे आहेत, पण वळसा घालून जाता येतं.

अडचण बांधाची आहे. मधोमध खांड पडली आहे, दहा-बारा फुटांची. बाबांच्या लहानपणी बांधाच्या आत भात व्हायचं, खाऱ्या जमिनीत तग धरणारं. खांड बुजवायला माणसं राहिली नाहीत, भरतीचं पाणी आत शिरत गेलं आणि शेताची जागा तिवरांनी, म्हणजे कांदळवनाच्या झाडांनी, घेतली.

दिवाळीच्या पाडव्याला मी एकटीच वाट बघून आले. आठला निघाले, दहाच्या सुमारास खांडीपाशी पोहोचले. पाणी जेमतेम पोटरीएवढं दिसलं म्हणून उतरले. तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत गाळात. पाय उपसला तर चप्पल खालीच राहिली. वर राखाडी, खाली काळाकुट्ट चिखल आणि कुजक्या अंड्यासारखा वास. पाय मोकळा करेपर्यंत पाणी मांडीला लागलं होतं. कशीबशी मागे फिरले. बाबांना यातलं अर्धंच सांगितलंय.

विचारायचं आहे ते असं:
खांडीपाशी नेमकं कधी पोहोचावं? कोणत्या तिथीला जावं? खांडीवर पोफळीच्या खोडांचा साकव, म्हणजे छोटा पूल, टाकता येईल का? आणि पायात काय घालावं?

"बनातूनच फिरून या" असं कृपया सांगू नका. ते आम्ही आठ दिवस करतोय, आणि रोज बाबा खाडीच्या तोंडाशी उभे राहून पलीकडच्या बांधाकडे बघत बसतात.

*खाजणकाठ:*
ताई, पाडव्याला दहा वाजता म्हणजे तुम्ही सगळ्यात वाईट वेळ गाठलीत. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. जी तिथी असेल तिला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पाऊण वाजता पूर्ण भरती आणि साडेसहाला पूर्ण ओहोटी. दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. पाणी सहा तास सारखं चढत नाही. पहिल्या तासात हलत नाही म्हणावं इतकं कमी, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून अर्धी भरती होते. साडेसहात साडेतीन मिळवा, झाले दहा. त्यात अमावस्येचं उधाण.

*सुरूबन:*
मग तृतीया-चतुर्थी धरा की. तृतीयेला सव्वादोनची भरती, म्हणजे सकाळी साडेआठला ओहोटी. ऊनही नसतं.

*खाजणकाठ:*
वेळ बरोबर, दिवस चुकीचा. तेव्हा उधाण पुरतं उतरलेलं नसतं. रात्रीचं पाणी वाटेवर येऊन गेलेलं असतं, सकाळी ओहोटी असली तरी वाट लोण्यासारखी. भांगाचे दिवस घ्या, म्हणजे लहान भरतीचे, अष्टमीच्या आसपासचे. पाणी वर चढतच नाही, वरचा गाळ सुकून पापुद्रा धरतो. अष्टमीला सहाची भरती, सव्वाबाराला ओहोटी. साडेसातला निघून सावकाश गेलात तर दहा-साडेदहाला खांडीपाशी याल, पाणी उतरत असेल. उतरत्या पाण्यात चुकलात तर वेळ हाताशी असतो. निघायच्या आधी भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळ पडताळा, पाऊणपटीत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो.

*तिवरपान:*
साकवाबद्दल. स्वतःच्या मनाने काही पुरू नका, कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, फांदीसुद्धा तोडायची नाही. ग्रामपंचायतीत आणि वनरक्षकांकडे विचारा. तोपर्यंत दोन लांब फळ्या सोबत न्या, टाका, ओलांडा, उचलून आणा. फळीने वजन पसरतं. पायात जुने कॅनव्हासचे बूट, नाडी घट्ट. अनवाणी नको, दगडांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात. आणि आधाराला दिसेल ती फांदी धरू नका. कांदळवनात गेवा नावाचं झाड असतं, त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो.

*पायवाट:*
मी फिजिओथेरपिस्ट आहे. सांधा बदललेला पाय गाळात रुतला तर पिळून उपसायचा नाही, त्यात धोका आहे. आधी डॉक्टरांना विचारा. दोन्ही बाजूंना माणूस हवा, काठी हवी, आणि फळीशिवाय गाळात पाय नाही. जखम असेल तर जाऊच नका.

*धागाकर्ती:*
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले, फळीची अट घालून ते हो म्हणाले. वद्य अष्टमी ठरवली आहे. दोन्ही चुलतभाऊ येताहेत. आदल्या दिवशी आम्ही तिघं जाऊन खांड मोजून येऊ.

*धागाकर्ती (अष्टमी, संध्याकाळ):*
झाली फेरी!

बनातून जायला सव्वा तास लागला, सुरूच्या काड्यांवर काठी घसरते म्हणून हळू चाललो. खाडीच्या तोंडाशी पाणी उतरत होतं. चिखलात निवट्या, ते चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या, बाबा तिथे दहा मिनिटं थांबले. वाट खरंच कडक होती, वरच्या गाळाला भेगा पडल्या होत्या. सव्वादहाला खांड. मधे हातभर रुंदीची धार आणि दोन्हीकडे गाळ. पुढे एक भाऊ, मागे एक, मधे बाबा फळीवर. दोन मिनिटांत पलीकडे.

पलीकडे बांधात जुन्या उघाडीची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची, चौकट अजून उभी आहे. मला ती नुसता लाकडाचा सांगाडा वाटली होती. बाबांनी समजावलं: झडप वरून टांगलेली असायची, ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर पडायचं, भरतीला समुद्राच्याच दाबाने ती बंद व्हायची. रात्री आजोबा कंदील घेऊन बघायला यायचे, झडपेत काटकी अडकली तर शेत गेलं. चौकटीला कालवं चिकटली आहेत. बाबांनी त्यांच्यामधल्या मोकळ्या लाकडावर हात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

गुडघा थोडा सुजलाय, बर्फ लावलाय, उद्या विश्रांती. साकवाचा अर्ज सोमवारी ग्रामपंचायतीत देणार आहे, बाबा स्वतः सही करणार म्हणतात. असा अर्ज कुणी केला असेल तर मसुदा इथे टाकाल का? वनखात्याला वेगळा द्यावा लागतो का, तेही सांगा.