गिग कामगारांसाठी कल्याणनिधी पुरे, की आयडी बंद करण्यालाही लगाम हवा?

चिकित्सक:
सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही अखेर २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली. अ‍ॅप-कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम गिग कामगारांच्या, म्हणजे अ‍ॅपवरून एकेक काम घेणाऱ्यांच्या, कल्याणनिधीत भरायची असून कामगारांना देय असलेल्या रकमेच्या ५ टक्के ही तिची कमाल मर्यादा आहे. निधीचे स्वागतच आहे. परंतु ही संहिता गिग कामगाराला मालक-नोकर नात्याच्या बाहेरचा मानते, त्यामुळे दर ठरवण्याचा आणि आयडी (अ‍ॅपवरचे कामाचे खाते) बंद करण्याचा कंपनीचा अधिकार तसाच अबाधित राहतो. हॉटेलच्या काउंटरवर ऑर्डरसाठी तिष्ठणाऱ्या रायडरला त्या वेळेचे पैसे मिळतातच असे नाही, मात्र उशिराबद्दल ग्राहकाने दिलेला एक तारा त्याच्याच खात्यावर चढतो.

हिशेबी:
दुपारी एका अ‍ॅपवर आणि रात्री दुसऱ्यावर लॉग-इन करणाऱ्याचा मालक नेमका कोणाला म्हणायचे? त्याला नोकर ठरवले, की हजेरी आणि पाळ्या आल्याच; मग कॉलेज सांभाळून दोन तास काम करणाऱ्या मुलाला कोण ठेवून घेईल? कॅलिफोर्नियात अशा कामगारांना कर्मचारी मानणारा कायदा २०१९ मध्ये झाला, आणि पुढच्याच वर्षी तेथील मतदारांनी अ‍ॅपवरील चालकांना त्यातून वगळले.

चिकित्सक:
त्या सार्वमतापूर्वी कंपन्यांनी प्रचारावर २० कोटी डॉलरांच्या आसपास खर्च केला होता, हेही सांगायला हवे होते. शिवाय नोकरीचा दर्जा द्या, असे मी म्हटलेलेच नाही. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्याने तो न देताही, कामगाराचे काम बंद करण्यापूर्वी कंपनीने त्याला लेखी कारण आणि १४ दिवसांची सूचना देणे बंधनकारक केले आहे.

हिशेबी:
एखाद्या ग्राहक महिलेने छेडछाडीची तक्रार केली, तर त्याच माणसाला आणखी १४ दिवस लोकांच्या दारात पाठवायचे काय?

तिऱ्हाईत:
अशा तक्रारीत आयडी तात्काळ स्थगित करावा, याला कोण हरकत घेईल? वाद आहे तो नंतरच्या सुनावणीचा. आज बहुतेकांच्या वाट्याला चॅटवरचे साचेबंद उत्तर येते, आणि बाइकचा हप्ता मात्र थांबत नाही. तक्रार ठरावीक मुदतीत माणसाने ऐकावी आणि आरोप टिकला नाही तर बुडालेली कमाई भरून द्यावी, एवढे महाराष्ट्राने कायद्यात घातले, तर हिशेबींच्या त्या कॉलेजच्या मुलाचे दोन तास कसे हिरावले जातात, ते त्यांनीच सांगावे.