गोव्यातल्या फोंड्यात वर्षाला किती फ्लॅट व्हावेत, हे ठरवतं कोण?

खडपाबांधकर:
मंडळी, एक विचारायचं आहे. आमच्या गल्लीत पूर्वी सगळी कौलारू घरं. आता दोन बिल्डिंगा झाल्या, तिसरीचं खोदकाम चालू आहे आणि कोपऱ्यावरच्या भाटाला, म्हणजे माडांच्या बागेला, पत्रे ठोकलेत, म्हणजे तिथंही तेच. बांधकामाला माझा विरोध नाही, माझा भाचाच फ्लॅटमध्ये राहतो. पण पहाटे पाणी आलं की बिल्डिंगवाले थेट लाइनीला मोटर लावतात आणि आमच्या नळातून नुसती हवा फुसफुसते. पावसाळ्यात त्यांचं सोकपिट (सांडपाण्याचा शोषखड्डा) भरून वर येतं, ते गटारात उतरतं, गटार आमच्या विहिरीला लागून. विहिरीचं पाणी आता फक्त माडांना.

वर्षाला अमुक इतक्याच घरांना परवाना, असा ठराव पालिका घेऊ शकते का? नगरसेवक म्हणाला, "बाब, कायद्यात बसत नाही." खरंच बसत नाही, की बसवायचं नाही?

निवृत्त_नकाशेवाला:
नकाशे काढण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून बोलतो. नगरसेवक खोटं बोलला नाही. 1974 च्या नगर व ग्रामनियोजन कायद्यात झोन आहेत (कुठल्या जमिनीत काय चालेल), एफएआर आहे (प्लॉटच्या मानानं किती बांधता येईल), उंचीची मर्यादा आहे. 'वर्षाला इतकीच' असं काही नाही. कुठं आणि किती उंच हे खातं ठरवतं, कधी बांधायचं ते बिल्डर.

जगात हे कुणी केलंच नाही असं नाही. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावानं 1972 मध्ये वर्षाला साधारण 500 घरांची मर्यादा घातली. बिल्डर कोर्टात गेले, 1975 मध्ये अपिलात गाव जिंकलं. पण मला न्यूयॉर्कजवळच्या रामापोची रीत जास्त पटते. तिथं सांडपाण्याची लाइन, पाऊसपाण्याचा निचरा, रस्ता, बाग, अग्निशमन केंद्र यावर जागेला गुण द्यायचे. गुण पुरले तर परवाना. नाही पुरले तर सोयी येईपर्यंत थांबा, नाहीतर स्वतःच्या खर्चानं करून द्या. आपल्याकडे असं करायचं तर विधानसभेत कायदा बदलावा लागेल, ठरावानं भागणार नाही. शिवाय आकडा फक्त पालिकेपुरता घातला की बिल्डर शेजारच्या कुर्टीला नि बांदोड्याला जाणार. पाणी शेवटी ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचंच.

ढवळीची_भाडेकरू:
काका, राग मानू नका, पण तुमचं घर वडिलोपार्जित. आम्ही दोघं कमावतो तरी भाड्यातच आहोत. नवीन परवाने आवळले की असलेल्या फ्लॅटचे भाव चढणार, ते तुम्हाला नाही, आम्हाला भरायचे. आणि बांधून बंद ठेवलेल्यांचं काय? 2011 च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं निघालं होतं. समोरच्या बिल्डिंगमध्ये रात्री आठला खिडक्यांतले दिवे मोजायला एका हाताची बोटं पुरतात. गुणांचं बरं वाटतं, आकड्याचं नाही.

पाना_पकड:
मी प्लंबर. बंद फ्लॅट पाणी पीत नाही बाय, पण चवथीला नि डिसेंबरात मालक येतात तेव्हा सगळ्या टाक्या एकदम भरायच्या असतात. नकाशात संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, मोठा दिसतो, प्रत्यक्षात त्यातली अर्धी जागा पार्किंगला गेलेली. मग लाइनीला मोटर. ती बेकायदा आहे, पेयजल खात्याकडे लेखी तक्रार करा, कनेक्शन तुटू शकतं. 2019 च्या ऑगस्टात केरये-खांडेपारला मुख्य वाहिनी फुटली तेव्हा पणजीसुद्धा कित्येक दिवस कोरडी होती. इतक्या लोकांचं नरडं एकाच नळीवर, आणि आपण बिल्डिंगांना रिबिनी कापतो.

निवृत्त_नकाशेवाला:
बायचं म्हणणं रास्त आहे, म्हणूनच गुण म्हटलं. आता खडपाबांधकरांनी करायचं ते सांगतो. ते कोपऱ्यावरचं भाट कोणत्या झोनमध्ये आहे ते आधी बघा. त्याच 1974 च्या कायद्यातल्या कलम 17(2) च्या ज्या नियमांनी 'चूक दुरुस्ती' म्हणून झोन बदलत होते, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं मार्च 2025 मध्ये रद्द केले. 2024 मध्ये आलेलं कलम 39अ वेगळं, तेही झोन बदलण्याचंच. त्यात बदलाची सूचना निघाली की हरकतींना 30 दिवस असतात. राजपत्र कुणी वाचत नाही, तिथंच आपण मार खातो.

आठहून जास्त फ्लॅट असतील तर प्रकल्प गोवा रेराच्या (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) साइटवर सापडेल, पुरा कधी करायचा तेही तिथंच. आणि पालिकेकडे माहिती अधिकारात गेल्या पाच वर्षांचे बांधकाम परवाने आणि ऑक्युपन्सी दाखले (राहायला जाण्याची परवानगी) वर्षवार मागा. किती कुटुंबं येणार हे हातात असलं की पेयजल खात्याला विचारा, एवढ्यांना पाणी कुठून देणार. उत्तर लेखीच घ्या.

खडपाबांधकर:
देव बरें करूं. रेरावर तिसरी बिल्डिंग सापडली, वाटलं होतं त्याच्या दुप्पट फ्लॅट आहेत. मोटरीची तक्रार उद्याच देतो, शेजाऱ्यांशी वाईटपणा आला तर आला. माहिती अधिकाराचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करू की कसं?

निवृत्त_नकाशेवाला:
पालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. फी 10 रुपये. पोचपावतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.