डिजिटल कॅमेरा स्वतःच तयार करूनही कोडॅक का कोसळली?

निगेटिव्ह३५ (प्रश्न):
कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या कोडॅक या अमेरिकी कंपनीच्या ऱ्हासाची एकच कथा सगळीकडे सांगितली जाते: १९७५ साली कंपनीचेच अभियंते स्टीव्ह सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा तयार केला, व्यवस्थापनाने तो बासनात गुंडाळून ठेवला आणि जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली. ही मांडणी मला जरा जास्तच सोयीची वाटते. तो कॅमेरा ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरवण्यास त्याला २३ सेकंद लागत. असे यंत्र तेव्हा विकत घेतले कोणी असते? शिवाय २००५ च्या सुमारास अमेरिकेतील डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत कोडॅक अग्रभागी होती. मग बिनसले कोठे?

इमल्शन:
आपली शंका रास्त आहे. उत्तर कॅमेऱ्यात नव्हे, अमेरिकेतील रॉचेस्टर येथील कोडॅकच्या फिल्म-कारखान्यात शोधावे लागेल. रंगीत फिल्मवर जिलेटिनचे अनेक अतिसूक्ष्म थर असतात, त्यांत चांदीच्या क्षारांचे स्फटिक आणि रंग घडवणारी रसायने असतात, आणि हे सारे वेगाने सरकणाऱ्या रुंद पट्टीवर अंधारात, कोठेही जाडी न बदलता चढवावे लागते. साध्या जिलेटिनचेच पाहा: ज्या गुरांच्या कातड्या-हाडांपासून ते बनते, त्यांच्या चाऱ्यातून आलेल्या गंधकयुक्त द्रव्यांच्या अंशामुळे फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता वाढते, हे १९२० च्या दशकात कोडॅकच्या संशोधकांनी शोधून काढले. पुढे कंपनीने जिलेटिनचे उत्पादनच स्वतःकडे घेतले. इतक्या बारकाईने उभारलेली यंत्रणा प्रचंड खपावरच परवडते. मागणी निम्म्यावर आली म्हणून खर्च निम्मा होत नाही. त्यातच कंपनीचा खरा नफा रोल, कागद आणि रसायनांत होता, म्हणजे प्रत्येक छायाचित्रामागे उत्पन्न मिळे. डिजिटल कॅमेरा एकदा विकला की ग्राहकाशी संबंध जवळजवळ संपला.

दुसरी बाजू:
कारखान्याचे कारण मान्य, पण पुरेसे नाही, कारण फुजीफिल्म या फिल्म बनवणाऱ्या जपानी प्रतिस्पर्धी कंपनीपुढेही हेच संकट होते. तिने फिल्मच्या आधारपट्टीचे ज्ञान एलसीडी पडद्यांसाठी लागणाऱ्या पातळ फिल्मकडे वळवले आणि कोलॅजेनवरील (ज्या प्रथिनापासून जिलेटिन बनते त्यावरील) अभ्यासाच्या आधारे २००७ मध्ये सौंदर्यप्रसाधनेही बाजारात आणली. कोडॅकजवळ तर असे व्यवसाय आयतेच होते. १९८८ मध्ये तिने ५.१ अब्ज डॉलर मोजून स्टर्लिंग ड्रग ही औषध कंपनी घेतली, पण १९९४ मध्ये ती तुकड्या-तुकड्यांनी विकून टाकली. त्याच वर्षी ईस्टमन केमिकल ही कोडॅकची रसायन कंपनी वेगळी झाली, आणि २००७ मध्ये वैद्यकीय प्रतिमांचा व्यवसायही विकला. औषध कंपनीच्या खरेदीने कर्जाचा डोंगर झाला होता, हे खरे. तरीही हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे यालाच म्हणतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

रीळ:
चित्रपटगृहांना विसरू नये. एका मोठ्या चित्रपटासाठी हजारो प्रती फिल्मवर काढल्या जात, आणि घरगुती छायाचित्रण आटल्यावरही कारखाना बराच काळ त्यावर तगला. डिजिटल प्रक्षेपण आल्यावर तीही मागणी गेली. फुजीफिल्मने तर २०१३ मध्ये चित्रीकरणाची फिल्म बनवणेच थांबवले.

निगेटिव्ह३५:
आभारी आहे. पण मग लहान होऊन टिकणे शक्य नव्हते का? इल्फर्ड ही फिल्म बनवणारी ब्रिटिश कंपनी २००४ मध्ये अशीच बुडाली होती आणि तिच्याच व्यवस्थापकांनी ती विकत घेऊन कृष्णधवल फिल्मच्या बळावर चालू ठेवली.

इमल्शन:
इल्फर्डचा पसारा मुळात आटोपशीर होता. कोडॅकवर सुकाळात नेमलेल्या हजारो कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचे ओझे होते, आणि कारखाना लहान केला तरी ते घटत नाही. २०१३ मध्ये दिवाळखोरीतून बाहेर पडताना तिने ब्रिटनमधील निवृत्तिवेतन निधीचे देणे मिटवण्यासाठी छायाचित्रण-फिल्मच्या विक्रीचा व्यवसाय त्याच निधीच्या स्वाधीन केला. त्यातून कोडॅक अलारिस ही वेगळी कंपनी उभी राहिली, आणि पुढे अनेक वर्षे रॉचेस्टरमध्ये फिल्म बनवणारी कंपनी एक व ती दुकानांपर्यंत पोहोचवणारी दुसरी, अशी विचित्र विभागणी चालू राहिली.