सैल त्वचेसाठी त्वचेखालची रेडिओफ्रिक्वेन्सी: करावी का?

गिरगावकर:
माझ्या धाकट्या बहिणीने दोन बाळंतपणांनंतर आहार-व्यायामाने वजन उतरवले, पण बेंबीखालची त्वचा सैलच राहिली. अंधेरीच्या एका क्लिनिकने तिला रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे उच्च वारंवारतेच्या विद्युतप्रवाहाने त्वचेखाली उष्णता देणारा उपचार, सुचवली असून माझ्या मते ती करून घ्यावी. बारीक छिद्रातून नळी त्वचेखाली जाते, तिचे टोक हा एक इलेक्ट्रोड (विद्युतप्रवाह वाहणारा भाग), दुसरा इलेक्ट्रोड त्वचेवरून फिरतो आणि दोहोंमधल्या चरबीत व तंतुमय पडद्यांत उष्णता निर्माण होते. आतले तापमान साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसला पोहोचले की कोलाजेन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन, आकसते. वरच्या त्वचेचे मात्र 40 अंशांच्या आसपास राखतात. पोटाची जादा त्वचा कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेत कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जाणारा व्रण जन्मभर राहतो. तो टळत असेल तर का टाळू नये?

माटुंग्याची वाचक:
ताई, व्रण टळेल, पण त्वचेची घडी लोंबत असेल तर ती निव्वळ आकसून सपाट होणार नाही. शिवाय गरोदरपणात पोटाचे सरळ स्नायू मध्यरेषेपासून दूर गेलेले असतात आणि पुष्कळ बायकांमध्ये ते पूर्ववत होत नाहीत. तसे असेल तर पोट पुढेच दिसत राहते, कारण उष्णतेने स्नायू जोडले जात नाहीत. आतड्यांभोवतालच्या चरबीपर्यंतही ही नळी पोहोचत नाही. बहिणीचे स्नायू आणि हर्निया कुणी तपासले आहेत का? ते न पाहता पैसे भरायला लावणे मला अजिबात पटत नाही.

निवृत्त परिचारिका, सायन:
ऑपरेशन थिएटरमध्ये मी हे जवळून पाहिले आहे. लिग्नोकेन (बधिर करणारे औषध) आणि अॅड्रेनालिन (रक्तवाहिन्या आकसवणारे औषध) मिसळलेले सलाइन भरल्यावर त्वचा फिकट व टणक होते आणि मग सगळ्यांचे डोळे तापमानाच्या आकड्यांवर असतात. नळी एकाच जागी रेंगाळली तर भाजते. लेसरची ऊर्जा त्वचेतले रंगद्रव्य शोषून घेते, रेडिओफ्रिक्वेन्सीचे तसे नाही, म्हणून सावळ्या त्वचेला ती तुलनेने सोयीची. पण भाजलेच तर काळा डाग आपल्याच त्वचेवर जास्त रेंगाळतो. नंतर काही आठवडे घट्ट पट्टा बांधावा लागतो, तो मुंबईच्या मे महिन्यात कसा सोसायचा याचाही विचार करावा. पेसमेकर असलेल्यांनी तर यापासून दूरच राहावे.

गिरगावकर:
स्नायूंचा मुद्दा मान्य; तपासणी आधी करून घेऊ. तरी त्वचा बेताचीच सैल असेल तर माझे मत बदलत नाही. नवे कोलाजेन तयार व्हायला काही महिने लागतात, तेवढा धीर तिच्याकडे आहे.

माटुंग्याची वाचक:
मग नळी कुणाच्या हातात असणार, हे तिने लेखी विचारावे. अशा सौंदर्यशस्त्रक्रिया शस्त्रक्रियेचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्यांनीच कराव्यात, अशी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची 2022 ची मार्गदर्शक भूमिका आहे. केवळ सौंदर्यासाठीच्या उपचारांचा खर्च आरोग्य विमा देत नाही, त्यामुळे भाजल्यास पुढच्या उपचारांचे पैसे कोण देणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. क्लिनिक ते लिहून देणार नसेल, तर हप्त्यांची सवलत कितीही आकर्षक असली तरी तिने तिथे जाऊ नये.