पाण्याचंही वजन होतं

वर एकांनी लिहिलंय की क्वार्ट्झ मायक्रोबॅलन्सवर (थरथरणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या वारंवारितेवरून त्यावर बसलेल्या थराचं वजन सांगणारं यंत्र) प्रथिनाचा थर एलिप्सोमेट्रीपेक्षा दुप्पट-तिप्पट जड भरला, म्हणजे एक यंत्र चुकतंय. मला तसं वाटत नाही. एलिप्सोमेट्री प्रकाशाच्या ध्रुवणातला बदल मोजते, त्यामुळे तिला प्रथिनच तेवढं दिसतं. थरथरणाऱ्या स्फटिकाला मात्र थरात अडकलेलं पाणीही सोबत ओढावं लागतं.

याचं माझं आवडतं उदाहरण निळ्या शिंपल्याच्या चिकट प्रथिनाचं (गोव्यातल्या शिनाण्यांचा हा भाऊबंद). २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या थराचे रेणू रसायनाने एकमेकांना जोडले, तर जाडी सुमारे २० नॅनोमीटरवरून ५ वर आली. प्रथिन तिथेच होतं, गेलं ते बहुतेक पाणी!

आणि वारंवारितेतल्या घटीवरून वजन काढणारं साउअरब्रेचं १९५९चं समीकरण (५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाला घटीच्या दर हर्ट्झमागे चौरस सेंटिमीटरला साधारण १७.७ नॅनोग्रॅम) पातळ, कडक थरांसाठी आहे. जेलीसारख्या लिबलिबीत थराला ते डोळे झाकून लावू नये. ज्यांनी हे मोजलं त्यांना एक प्रश्न: तुम्ही डिसिपेशन (थरथरताना वाया जाणारी ऊर्जा) नोंदवलं होतंत का? ते बरंच वाढलं असेल तर थर मऊ आहे, मग व्हिस्कोइलॅस्टिक मॉडेलच (थर थोडा लवचीक, थोडा दाट द्रवासारखा धरणारं) वापरा. दोन्ही यंत्रांचे आकडे ठेवा. त्यांच्या फरकातूनच थरातलं पाणी कळतं.